हौसराव मध्यस्थ आणि चमचाभर विजया

हौसराव सखाराम गवारे. जन्म १९५९, मुक्काम न्हावरे, तालुका शिरूर. हयात. शिक्षण दहावी. व्यवसाय कागदोपत्री शेती, म्हणजे ऊस, कांदा आणि दारात चार गाई. प्रत्यक्षात मात्र सोयरिकी जुळवणे. भीमेच्या अलीकडे शिरूर आणि पलीकडे दौंड, या दोन तालुक्यांत त्यांनी इतकी लग्ने जमवली होती की कुठल्याही दशक्रियेला गेले तरी आपल्या हातची चार-दोन जोडपी त्यांना तिथे भेटत आणि त्यांतले निदान एक त्यांच्याशी बोलत नसे.

या कामाचा मोबदला त्यांनी कधी घेतला नाही. लग्नमंडपात सत्काराच्या वेळी आमदारांच्या आधी नाही तरी सरपंचांच्या आधी आपले नाव पुकारले जावे, एवढीच त्यांची अपेक्षा असे.

मध्यस्थाने खोटे बोलू नये, असा हौसरावांचा कडक नियम होता आणि तो त्यांनी पाळला, असे ते स्वतः सांगत. खरे मात्र ते मागच्या बाकावर बसवीत. पिणाऱ्या मुलाविषयी ते म्हणत, ‘‘माणसांत मिसळणारा आहे.’’ बेकार मुलाविषयी, ‘‘घरीच लागतो, आईवडिलांना सोडून राहत नाही.’’ भांडकुदळ मुलीविषयी, ‘‘घर भरल्यासारखं वाटेल.’’ ज्या जमिनीचा दावा कोर्टात दोन पिढ्या चालू आहे ती त्यांच्या तोंडी ‘एकत्रातली’ असे. समोरची माणसेही जुनीजाणती असल्यामुळे त्यांना या शब्दांचा अर्थ कळे. तरीही ते मान हलवीत, कारण त्यांच्या पदरातही मागच्या बाकावरचे काही ना काही असेच.

हौसरावांची अडचण झाली ती स्वतःच्या मुलाच्या बाबतीत.

सार्थक तिशी ओलांडलेला, देखणा, निर्व्यसनी मुलगा. रांजणगावच्या वसाहतीत त्याने तीन कारखाने बदलले होते. अधिक काटेकोर बोलायचे तर तीन कारखान्यांनी त्याला बदलले होते. गाडीला किल्ली लावून तो उतरे आणि किल्ली तिथेच राही. गाईची धार काढता काढता त्याला विहिरीवरची मोटार आठवे, मोटारीकडे जाताना वाटेत कोणी भेटे, आणि इकडे बादलीत मांजर तोंड घाली. विचारणाऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधी त्याचे उत्तर तयार असे. पण ते बहुधा आधीच्या प्रश्नाचे असे. आई तुळजाबाई म्हणत, ‘‘लेकरू चांगलं हाय, पर ध्यान ठिकाणावर न्हाई.’’ वडील म्हणत, ‘‘लग्न झालं की येईल ठिकाणावर.’’ हा उपाय त्यांनी इतरांच्या मुलांनाही सुचवला होता आणि त्याचा परिणाम तपासायला ते कधी परत गेले नव्हते.

अखेर सार्थक स्वतःच पुण्याला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेला आणि दुसऱ्या भेटीला आईवडिलांनाही घेऊन गेला. बाईंनी शाळेपासूनची सगळी हकिकत विचारली, शांतपणे ऐकली आणि सांगितले की लक्ष टिकत नाही हा आळस किंवा उडाणटप्पूपणा नव्हे. लहानपणापासूनचा लक्ष-न्यूनतेचा विकार आहे, त्यावर औषधे आहेत, आणि दिवसाची घडी बसवण्याच्या काही सवयीही शिकता येतात. सार्थकचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला नालायक न म्हणता त्याचे सारे नालायकपण बिनचूक सांगितले होते.

हौसरावांना मात्र त्या खोलीच्या दारावरची पाटी तेवढी दिसत होती. बाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन शिरूरच्या औषधाच्या दुकानात जायचे, तर दुकानदाराची मेहुणी दौंडला दिलेली. ती सोयरीकही हौसरावांनीच जमवलेली. म्हणजे गोळी मुलाच्या पोटात पोचण्याआधी तिचे नाव दौंडात पोचणार.

गाडीत बसल्यावर त्यांनी कारेगावला राहणाऱ्या भाच्याला, पप्पूला, फोन लावला. पप्पू कारखान्यात सुपरवायझर होता आणि त्याच्या मोबाइलमध्ये जगातल्या प्रत्येक व्याधीवर एक चित्रफीत होती.

‘‘मामा, गोळ्या-बिळ्या सोडा. परदेशात यावर आता गांजाचं तेल देतात.’’

‘‘गांजा?’’ हौसरावांनी काच वर केली.

‘‘गांजा म्हणायचं न्हाई. विजया म्हणायचं. आयुर्वेदात हाय. पानांचं असतं, डॉक्टरची चिठ्ठी असली की कुरिअरनं घरपोच येतं.’’

देवळामागे बसून चिलीम ओढणाऱ्या म्हाताऱ्या ज्ञानूला हौसराव गावाचा कलंक म्हणत आले होते. ज्ञानूच्या पुतण्याची दोन स्थळे त्यांनी त्या एका कारणावरून परत पाठवली होती. पण शब्द बदलला की वस्तूचा दर्जा बदलतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ‘विजया’ हा शब्द त्यांना फार आवडला. त्यात घराणे होते.

तरी माणूस शिस्तीचा. त्यांनी पुण्याच्या बाईंना फोन करून विचारले. बाईंनी स्वच्छ उत्तर दिले, ‘‘या विकारावर गांजाच्या तेलाचा उपयोग होतो, हे अजून नीट सिद्ध झालेलं नाही. जे थोडे प्रयोग झालेत त्यांतून खात्री देण्यासारखं काही निघालेलं नाही. उलट लक्ष आणखी विस्कटायची भीती आहे. मी ते देणार नाही.’’

हौसरावांची सगळी उमर नकार ऐकण्यात गेली होती. मुलीचा बाप ‘‘अजून विचार केला नाही’’ म्हणाला तर चहाला थांबायचे, आणि ‘‘सध्या नको’’ म्हणाला तर दिवाळीनंतर जायचे. त्यांच्या हिशेबी खरा नकार एकच, तो म्हणजे अंगणातून परत पाठवणे. तेव्हा बाईंच्या चार वाक्यांतून त्यांनी ‘अजून’ तेवढे उचलले आणि घरी येऊन सांगितले, ‘‘बाईंचा विरोध असा नाही. त्यांच्याकडचं बोलणं चालू आहे.’’

मग मोबाइलवर एक वैद्य अवतरले. पांढरा कोट, मागे धन्वंतरीचे चित्र, वय पप्पूपेक्षा कमी. त्यांनी ‘‘झोप कशी? भूक कशी? पोट साफ होतं का?’’ असे विचारायला सुरुवात केली, तोच सार्थकला गाईंना पाणी पाजायचे राहिल्याचे आठवले आणि तो उठून गेला. पुढची उत्तरे हौसरावांनी दिली आणि वयोमानाप्रमाणे ती स्वतःचीच दिली. चिठ्ठी सार्थकच्या नावाची आली आणि बद्धकोष्ठ हौसरावांचे.

बाटली आली. लहानशी, तपकिरी, झाकणाला थेंब सोडायची नळी. रात्री जिभेखाली दोन थेंब. सार्थक ते घ्यायचे विसरू लागला, म्हणून तुळजाबाईंनी बाटली बाहेरच्या खोलीत दूरदर्शन संचाशेजारी, येता-जाता दिसेल अशी ठेवली. गुण काय आला याचे चोख वर्णन तुळजाबाईंनीच केले: ‘‘इसरायचं तेवढंच इसरतोय. पर इसरल्याचं आधी वाईट वाटायचं, ते आता वाटत न्हाई.’’ हौसरावांनी याला निम्मा गुण मानले.

‘‘आबा, मी त्या बाईंच्या गोळ्याच सुरू करतो,’’ सार्थक म्हणाला.

‘‘लग्न होऊ दे. मग काय पाहिजे ते गिळ.’’

कारण स्थळ आले होते. दौंडजवळच्या मळ्यातले जगदाळे. मुलगी तेजश्री दौंडात फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे गुडघे आणि कंबरा वळवणारी. शिकलेली मुलगी शेतकऱ्याच्या घरात द्यायला कोणी तयार नाही अशा काळात हे स्थळ म्हणजे पर्वणीच होती. पाहण्याच्या कार्यक्रमात सार्थक आणि तेजश्री गच्चीवर एकटी बोलली, आणि खाली येताना ती हसत होती. त्याने तिला काहीतरी विचारले होते आणि उत्तर ऐकायच्या आत गच्चीवरच्या टाकीचे झाकण बसवायला गेला होता, असे नंतर कळले.

‘‘मी तिला सगळं सांगणार आहे,’’ सार्थक घरी आल्यावर म्हणाला.

‘‘लग्नानंतर सांग. सांगायला पुढं सबंध आयुष्य पडलंय.’’

पुढची पायरी चौकशीची. आपल्याकडे मुलीचा चुलता अगाऊ न कळवता मुलाच्या घरी येऊन पाणी पितो. पिता पिता त्याची नजर गोठ्यापासून माळ्यापर्यंत फिरते. तेजश्रीचा चुलता नवनाथ तसा आला, आणि त्याची नजर बाटलीवर थांबली.

‘‘औषध कुणाचं म्हणायचं?’’

‘‘माझं,’’ हौसराव म्हणाले. ‘‘गुडघ्याचं.’’

आयुष्यातले हे त्यांचे पहिले सरळ खोटे. ते इतके सहज निघाले की त्यांनाच नवल वाटले. त्या दिवसापासून त्यांना लंगडणे भाग पडले. अख्ख्या गावाने निरगुडी, गरम वाळू, एरंडाचे पान असे उपाय सुचवले. ज्ञानूने तर पारावर हटकलेच, ‘‘आबा, गुडघ्याचं त्याल दावा की जरा.’’ लंगडण्याला पुरावा म्हणून त्या दिवशी खिशात ठेवलेली बाटली हौसरावांनी पुढे केली. त्याने ती हुंगली आणि त्याचा चेहरा उजळला. ‘‘आरं तिच्या! ही तर आपलीच वस्तू. कोट-टाय घालून आलीया व्हय?’’

‘‘ज्ञानू, हे औषध आहे. चिठ्ठीवर मिळतं.’’

‘‘व्हय की. मलाबी औषधच हाय. चिठ्ठी तेवढी न्हाई.’’

हौसराव लंगडत निघून गेले.

बैठकीचा दिवस ठरला. जगदाळ्यांकडून मुलीचे आजोबा आनंदराव, म्हणजे आप्पा, स्वतः येणार होते. आप्पा एके काळचे पैलवान आणि आजही बैठकीतले दांडगे. त्यांनी प्रश्न विचारायला घेतले की मुलाकडच्यांना घाम फुटे, अशी ख्याती. तीन कारखान्यांचा प्रश्न निघणार हे उघड होते. हौसरावांनी त्यासाठी ‘अनुभव घेतोय’ हे उत्तर घोटून ठेवले होते.

आप्पा ओट्याच्या पायऱ्या चढताना कण्हले आणि नवनाथ सहज बोलून गेला, ‘‘आप्पा, पाव्हण्यांकडं गुडघ्याचं औषध हाय की. रामबाण म्हणत्यात.’’

‘‘मग आणा की! का पाव्हण्याला न्हाई द्यायचं?’’

घरी आलेल्या व्याह्याने औषध मागावे आणि यजमानाने नाही म्हणावे, हे या मुलुखात कोणी केल्याचे ऐकिवात नाही. हौसरावांनी बाटली आणली. ‘‘फार कडक आहे, आप्पा. दोनच थेंब.’’

‘‘दोन थेंब चिमणीला द्या. सकाळी शेरभर दूध रिचवणारा माणूस मी.’’ आप्पांनी साखरेच्या भांड्यातला चमचा उचलला, बाटली त्यात उपडी केली आणि तोंडात टाकला. ‘‘कडू हाय. म्हंजी गुण येणार.’’

दारातून सार्थकने पाहिले. ‘‘आबा...’’ तो पुढे आला.

‘‘पाण्याचं बघ,’’ हौसराव म्हणाले. सार्थक पाण्याचे बघायला गेला आणि या एका प्रसंगी ते विसरला नाही, हे दुर्दैव.

जेवणे झाली. आप्पांनी पुरणपोळ्या इतक्या खाल्ल्या की तुळजाबाईंनी पुन्हा तवा चढवला. प्रत्येक पोळीला ते ‘‘काय पोळी हाय!’’ म्हणत, जणू आधीची त्यांनी पाहिलीच नव्हती. मग बैठक बसली. नवनाथने घसा साफ केला.

‘‘मुलानं तीन कंपन्या का सोडल्या, ते जरा कळावं.’’

हौसरावांनी तोंड उघडण्याआधीच आप्पा बोलले. त्यांची नजर छताच्या पंख्यावर होती. ‘‘नवनाथ, कंपनी म्हंजी काय असतंय? लोखंड. मानूस किती दिस लोखंडापाशी राहील?’’

‘‘आप्पा, पण...’’

‘‘ह्यो पंखा बघ. फिरतोय, फिरतोय, आन् हाय तिथंच.’’ आप्पांना हसू आले. ते बराच वेळ हसले, मग डोळे पुसून म्हणाले, ‘‘लई भली मानसं हायती. सुपारी आणा.’’

नवनाथ चुळबुळला, पण घरातल्या थोरल्याने सुपारी मागितल्यावर मुलाने काय बोलावे? भावकीच्या साक्षीने सुपारी फुटली. आपल्याकडे सुपारी फुटली की शब्द झाला. मग फिरणे नाही. हौसरावांच्या मनात काहीतरी खुपले. त्यांनी त्याला सवयीने मागच्या बाकावर बसवले आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. मुलीकडच्या थोरल्याने इतके सौजन्य दाखवलेली बैठक त्यांच्या सबंध कारकिर्दीत झाली नव्हती.

दिवेलागणीला फोन वाजला.

‘‘मामा, मी तेजश्री.’’ सकाळपर्यंत ते तिचे काका होते. सुपारी फुटल्यावर सासऱ्याला म्हणतात तसे मामा झाले होते. ‘‘आप्पांना तुमच्याकडं काय दिलं होतं?’’

‘‘पुरणपोळी, आमटी, भजी. तुझ्या सासूनं अगदी अगत्यानं...’’

‘‘पारगावच्या पुलावर ते म्हणायला लागले, गाडी उभी आहे आणि नदी चाललीय. चौफुल्यापासून नीट बोलत नाहीयेत. छाती धडधडतीय, पाय टाकता येत नाही. दवाखान्यात आणलंय. नवनाथकाका म्हणतात, तुम्ही गुडघ्याचं तेल दिलं.’’

‘‘आयुर्वेदिक आहे ते. वनस्पतीचं. त्यानं काही अपाय...’’

‘‘लावायचं की प्यायचं?’’

हौसरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘मामा, मी दिवसभर गुडघेच बघते. गुडघ्याचं तेल पोटात कोण घेतं?’’ तिचे शब्द ठाम होते. ‘‘डॉक्टर इथं समोर उभे आहेत. त्यांना अर्धांगाचा झटका वाटतोय. आत्ता पुण्याला हलवायचं का, ते ठरतंय. ते तेल कशाचं आहे ते सांगा.’’

हौसरावांकडे शब्दांची कधीच वाण नव्हती. ‘शांत करणारं’ होते. ‘प्रकृतीला मानवणारं’ होते. ‘जुन्या ग्रंथांतलं’ होते. एकेक शब्द ओठाशी आला आणि प्रत्येकाच्या मागे दवाखान्याच्या खाटेवरचा म्हातारा दिसू लागला. समोर तुळजाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. सार्थक फोनसाठी हात पुढे करून उभा होता. खरे सांगितले तर सोयरीक गेली. आणि हीच नव्हे. दोन तालुक्यांत ही गोष्ट पोचली की या मुलाला पुन्हा मुलगी कोण देणार? हे त्यांच्याइतके नेमके कोणालाच ठाऊक नव्हते, कारण अशी स्थळे परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

‘‘गांजाच्या पानांचं तेल आहे,’’ हौसराव म्हणाले. ‘‘गुडघ्याचं नाही. माझे गुडघे धड आहेत. सार्थकचं औषध आहे ते. त्याचं लक्ष टिकत नाही, तो विकार पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलाय. हे तेल त्यांनी दिलेलं नाही, मीच मागवलं. आप्पांनी चमचाभर घेतलं आणि मी अडवलं नाही.’’

पलीकडे तिने हे शब्दशः डॉक्टरांना सांगितलेले ऐकू आले. कोणीतरी सुटकेचा श्वास टाकला. मग सार्थकने फोन घेतला, बाटलीवरचा मजकूर न चुकता वाचून दाखवला.

‘‘हे तुम्ही मला गच्चीवर का नाही सांगितलं?’’ तेजश्रीने विचारले.

‘‘सांगणार होतो. आबा म्हणाले, लग्नानंतर सांग.’’

‘‘आणि ते बरं तुमच्या लक्षात राहिलं!’’

‘‘तेवढं एकच राहिलं बघा,’’ सार्थक म्हणाला. पलीकडे ती रडता रडता हसली की नुसतीच रडली, हे त्याला शेवटपर्यंत समजले नाही.

रात्रभर देखरेखीखाली ठेवून आप्पांना सकाळी घरी सोडले. त्यांनी शुद्धीवर येताच पोळी मागितली. पुण्याची वारी आणि डोक्याची तपासणी वाचली, ती त्या फोनमुळे, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याच डॉक्टरांनी, पुन्हा असे काही पाजाल तर पोलिसांना कळवीन, हेही सांगितले.

मग सुपारीचा प्रश्न आला. नशेत फुटलेली सुपारी ग्राह्य धरावी का, यावर दोन्हीकडच्या भावकीत पुष्कळ दिवस ऊहापोह झाला. नवनाथचे म्हणणे, धरू नये. आश्चर्य असे की आप्पांचे म्हणणे, धरावी. ‘‘मी पूर्ण शुद्धीत हुतो,’’ ते छातीवर हात मारून सांगत. ‘‘चमचाभर तेलानं मला चढती व्हय? मला पोरगा पसंत पडला, म्हणून सुपारी मागितली.’’ पंख्याविषयीची मतेही त्यांनी मागे घेतली नाहीत.

निकाल तेजश्रीने दिला. सुपारी परत करायची. तिला विचारून फुटली नव्हती. पुढचे तिचे ती ठरवील, पण त्याआधी सार्थकबरोबर पुण्याच्या बाईंकडे ती स्वतः जाईल. त्याप्रमाणे ती दोघे गेली. हौसरावही गेले, पण मागे बसले. बाईंनी तेलाविषयी पूर्वीचीच चार वाक्ये पुन्हा सांगितली. या खेपेस हौसरावांनी चारही ऐकली.

आज सार्थक बाईंच्या गोळ्या घेतो, उघडपणे शिरूरच्या दुकानातून. कारेगावच्या एका कारखान्यात तो टिकून आहे. किल्ल्या अजूनही हरवतात, पण हरवल्या की त्याला वाईट वाटते, हे तुळजाबाईंना फार समाधानाचे वाटते. तेजश्रीशी त्याचे फोनवर बोलणे असते. लग्न ठरलेले नाही आणि मोडलेलेही नाही. अशा स्थितीला लावायला शब्द काय, हे हौसरावांना कोणी विचारले तर ते ‘‘त्यांना विचारा’’ म्हणतात. मुलींकडची माणसे आता त्यांच्याकडे अधिक येतात. मुलांकडची रस्ता ओलांडून जातात.

राहिली आप्पांची क्षमा. ती मागायला हौसराव आजवर अनेकदा दौंडला जाऊन आले. आप्पा दारात स्वागत करतात, चहा देतात, उसाच्या तोडीचे बोलतात, आणि विषय निघाला की उठून गोठ्याकडे चालू लागतात. क्षमा केली तर चढली होती हे कबूल करावे लागेल, आणि ते आप्पा जिवंतपणी करणार नाहीत. म्हणून ती क्षमा अद्याप येणे आहे, आणि हौसराव दर अमावास्येनंतरच्या पहिल्या सोमवारी, न लंगडता, ती आणायला जातात.